विकास उशिरा होणाऱ्या मुलाला शू-शीची सवय लावताना

चालणं-बोलणं उशिरा सुरू झालेल्या मुलाच्या पालकांना डायपरबद्दल एकच सल्ला सगळीकडून मिळतो: घाई करू नका, मूल स्वतः सांगेल तेव्हा सुरुवात करा. ही विचारसरणी बऱ्याच अंशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आली आहे. मुलाच्या तयारीच्या खुणा दिसल्या की मगच सुरू करायचं, असं ती पद्धत सांगते. नेहमीच्या क्रमानं वाढणाऱ्या मुलांना ती लागू पडते. पण ऑटिझम, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी किंवा एकूणच विकासाला उशीर असलेलं मूल ओलं झाल्यावर कुरकुर करेलच असं नाही. ते कोपऱ्यात लपणार नाही, चड्डी ओढून दाखवणार नाही. त्या खुणांची वाट पाहण्यात पाचवं-सहावं वर्ष उजाडतं. तोवर डायपरमध्येच करायचं हे मुलाच्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि अंगवळणी पडलेलं मोडणं नवं शिकवण्यापेक्षा फार कठीण असतं.

म्हणून वाट पाहू नका. या एका सवयीत आठ-दहा वेगवेगळी कामं दडलेली असतात: बाथरूममध्ये जाणं, चड्डी खाली करणं, बसणं, बसून राहणं, सैल सोडणं, पुसणं, चड्डी वर घेणं, पाणी सोडणं, हात धुणं. यातली निम्मी कामं मुलाला शू लागल्याचं कळत नसतानाही शिकवता येतात. दीड-दोन वर्षांपासूनच ती सुरू करावीत.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगायला हवा. मुलाला स्पायना बिफिडा किंवा मज्जारज्जूचा दुसरा काही दोष असेल, तर मूत्राशयाच्या नसांचं काम बिघडलेलं असू शकतं. अशा वेळी लघवी मूत्राशयात साचून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. त्या मुलांसाठी योजना डॉक्टरांकडूनच घ्यावी लागते. खाली दिलेली पद्धत त्यांच्यासाठी नाही.

आजपासून करता येण्यासारखं

डायपर बदलण्याची जागा बदला. पलंगावर किंवा बैठकीच्या खोलीत न बदलता बाथरूममध्येच बदला, आणि मूल आधार धरून उभं राहू शकत असेल तर उभ्यानं बदला. आडवं झोपवून बदलताना मुलाला करण्यासारखं काहीच नसतं. उभं राहिलं की ते चड्डी ओढायला हात लावतं, ओला डायपर पाहतं, तो कचऱ्यात टाकायला मदत करतं. शी झाली असेल तर ती मुलासमोर संडासात टाका आणि पाणी सोडा. शीची जागा कोणती, हे शब्दांपेक्षा यातून लवकर कळतं.

दिवसातून दोनदा, जेवणानंतर आणि अंघोळीआधी, मुलाला पॉटीवर किंवा कमोडवर बसवा. सुरुवातीला कपड्यांसकट बसलं तरी चालेल. पहिल्या आठवड्यात दहा सेकंद पुरे. बसणं ओळखीचं आणि निर्धास्त होणं एवढाच या टप्प्याचा हेतू आहे, शू झाली पाहिजे अशी अपेक्षाच ठेवू नका.

नोंद ठेवल्याशिवाय वेळापत्रक आखू नका

डायपर सोडवण्याआधी किमान तीन दिवस, शक्यतो आठवडाभर नोंद ठेवा. जागेपणी दर अर्ध्या तासानं पाहायचं: कोरडं, ओलं की शी. शेजारी काय प्यायलं, किती प्यायलं आणि कधी खाल्लं हे लिहायचं. आजचे डायपर इतकं शोषून घेतात की हात लावून ओलेपणा समजत नाही, म्हणून आत साध्या कागदी रुमालाची घडी ठेवा. ती ओली दिसली की शू झाली. प्रत्येक वेळी घडी बदला.

आठवड्याअखेर या कागदावरून तीन गोष्टी कळतात. मूल सलग दीड-दोन तास कोरडं राहतं का? राहत असेल तर मूत्राशय लघवी साठवायला शिकलं आहे, आता वेळापत्रकावर जायला हरकत नाही. शी ठरावीक वेळी होते का? आणि दर अर्ध्या तासाला घडी ओलीच सापडते का? तसं असेल तर प्रशिक्षण बाजूला ठेवून आधी कारण शोधा. बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा मूत्राशयाची तक्रार ही त्याची नेहमीची कारणं असतात. सतत थेंब-थेंब गळणं, धार बारीक असणं, लघवी करताना रडणं, एकाएकी खूप तहान आणि खूप लघवी लागणं, किंवा महिनोन्‌महिने कोरडं राहणारं मूल पुन्हा ओलं करू लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टरांना भेटा. खूप तहान आणि खूप लघवी एकत्र दिसली तर त्याच दिवशी भेटा, कारण तो मधुमेह असू शकतो.

आधी पोट मोकळं हवं

बहुतेक अपयशांचं मूळ इथे असतं आणि पालकांना सगळ्यात शेवटी सापडतं तेही इथेच. हालचाल कमी असणारी, स्नायू सैल असणारी, मोजकेच पदार्थ खाणारी आणि काही विशिष्ट औषधं चालू असणारी मुलं बद्धकोष्ठतेला सहज बळी पडतात. एकदा कडक शी होऊन दुखलं की मूल पुढची शी धरून ठेवतं. धरून ठेवली की आतड्यात तिच्यातलं पाणी आणखी शोषलं जातं, ती आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. या चक्रात मलाशय ताणलं जातं आणि भरल्याची जाणीव बोथट होते. भरलेलं मलाशय शेजारच्या मूत्राशयावर दाब देतं, म्हणून मूल वारंवार थोडी-थोडी शू करतं. पालकांना वाटतं, शूचं प्रशिक्षण फसलं. खरी अडचण मागच्या बाजूला असते.

शी धरून ठेवणं बऱ्याचदा जोर करण्यासारखं दिसतं. मूल चवड्यांवर उभं राहतं, पाय एकमेकांत अडकवतं, अंग ताठ करतं, चेहरा लाल होतो, सोफ्याला किंवा दाराला घट्ट धरतं. बाहेर ढकलताना मूल असं ताठ होत नाही. ते गुडघे वाकवतं, पुढे झुकतं. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे पातळ शीचे डाग. आत खडा अडकलेला असला की वरची पातळ शी त्याच्या कडेनं झिरपून चड्डीला लागते. जुलाब समजून ते थांबवायचं औषध दिलं की खडा आणखी घट्ट बसतो.

शीचा प्रकार ओळखायला ब्रिस्टल तक्ता वापरा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तक्त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे सुट्या कडक गोळ्या, दुसरा गाठाळ, तिसरा वरून भेगा असलेला, चौथा मऊ आणि गुळगुळीत, पाचवा मऊ तुकड्यांचा, सहावा लिबलिबीत, सातवा पाण्यासारखा. आपल्याला चौथा हवा. पहिला-दुसरा वारंवार दिसत असेल, आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शी होत असेल किंवा मूल शी करताना रडत असेल, तर आधी डॉक्टरांकडून उपचार घ्या. अडकलेला खडा नुसत्या फळांनी आणि भाज्यांनी निघत नाही. पाणी न वाढवता चोथा वाढवला तर उलट पोट फुगतं. डॉक्टर बहुधा मॅक्रोगॉल किंवा लॅक्ट्युलोजसारखं शी मऊ करणारं औषध देतात. पहिल्या चार-दोन दिवसांत पोट साफ झालं म्हणून औषध बंद करण्याची चूक फार होते. ताणलेलं मलाशय पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. नियमित मऊ शी होऊ लागल्यावरही औषध कित्येक आठवडे चालू ठेवावं लागतं आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळू कमी करावं लागतं. शीत रक्त, फुगलेलं टणक पोट, उलट्या, वजन न वाढणं किंवा पायांत नव्यानं आलेला अशक्तपणा ही तातडीनं दाखवण्याची लक्षणं आहेत.

पाणी कमी करू नका. कपडे कमी ओले होतील म्हणून पाणी तोडलं की शी कडक होते, लघवी दाट होऊन मूत्राशयाला चुरचुरते, आणि मूत्राशय पुरतं भरतच नाही. ४ ते ८ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १ ते १.४ लिटर द्रव लागतो. तो दिवसभरात सहा-सात वेळा विभागून द्या. दुधाचं प्रमाण दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त असेल तर भूक मरते आणि बाकीचं खाणं मागे पडतं, तेही पाहा.

बसण्याची घडी

पाय लोंबकळत असतील तर शी सहज होत नाही. लोंबत्या पायांनी मूल तोल सांभाळत राहतं, आणि तोल सांभाळताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू नीट सैल पडत नाहीत. पायाखाली भक्कम पाट किंवा स्टूल हवं, तळवे पूर्ण टेकलेले हवेत, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर आणि पाय थोडे फाकलेले. मूल पुढे झुकून कोपरं मांडीवर टेकवू शकलं तर उत्तम. कमोडवर लहान भोकाची सीट बसवा. आत पडण्याची भीती वाटणारं मूल हातांनी अंग उचलून धरतं आणि सगळं अंग ताठ करतं.

स्नायू सैल असलेल्या मुलाला पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार लागतो. स्नायू ताठ असलेल्या मुलाला नितंब आणि गुडघे नीट वाकतील अशी खुर्ची लागते, नाहीतर पाय कात्रीसारखे जुळतात. या दोन्ही बाबतींत ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा फिजिओथेरपिस्टकडून एकदा माप घेऊन सीट ठरवा. उकिडवं बसायचा संडास असेल तर शी व्हायला ती बैठक चांगली, मात्र समोर धरायला दांडी हवी. टाचा टेकून अर्धा मिनिटही उकिडवं बसता येत नसेल तर तोवर पॉटी खुर्चीच बरी. मुलग्यांनाही आधी बसूनच शिकवा. उभं राहणं ही नेम धरण्याची वेगळी कला आहे आणि उभ्यानं शू करणारा मुलगा शीसाठी बसायला कुरकुरतो.

वेळापत्रक

नोंदवहीत मूल साधारण ९० मिनिटांनी ओलं होतं असं दिसलं, तर ७५ ते ८० मिनिटांनी बसवा. दर वीस मिनिटांनी नेणं ही सर्रास होणारी चूक आहे. चार वर्षांच्या मुलाचं मूत्राशय ढोबळमानानं १५० मिली लघवी धरतं. दर वीस मिनिटांनी नेलं तर ते कधी भरतच नाही, मग भरल्यावर काय वाटतं हे मुलाला कळणार कसं? शिवाय मूल दिवसभर वैतागतं. दिवसात ४ ते ७ वेळा लघवी होणं ठीक आहे. शीसाठी जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी बसवा. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलू लागतं आणि सकाळी उठून खाल्ल्यावर ही हालचाल सगळ्यात जोरात असते.

एक बैठक तीन ते पाच मिनिटांची. मुलाला दिसेल असं वाळूचं घड्याळ किंवा टायमर लावा, म्हणजे संपणार कधी हे त्याला कळतं. शीच्या वेळी साबणाचे बुडबुडे फुंकायला द्या, पिपाणी वाजवायला द्या किंवा हसवा. फुंकताना आणि हसताना पोटाचा दाब आपोआप खालच्या दिशेला पडतो. ‘जोर कर’ सांगितलं तर बहुतेक मुलं श्वास कोंडून खालचे स्नायू आवळतात. पाच मिनिटांत काही झालं नाही तर शांतपणे उठवा, दहा मिनिटांनी पुन्हा एकदा बसवा, मग पुढच्या वेळेपर्यंत सोडून द्या. अर्धा-अर्धा तास बसवून ठेवलं की बाथरूम ही शिक्षेची जागा होते.

वेळापत्रक सुरू केल्यावर दिवसा डायपर पूर्ण काढा. काही तास चड्डी आणि काही तास डायपर अशी सरमिसळ केली की मुलाला नियम कळत नाही. दोन आठवडे हाताशी असावेत: आजारपण नाही, घर बदलणं नाही, नवं बाळ येणार नाही.

काय बोलायचं

‘शू करायची का?’ विचारू नका. खेळात रमलेलं मूल ‘नाही’ म्हणणारच, आणि ज्याला प्रश्न नीट समजत नाही ते मान डोलावेल. ‘शूची वेळ झाली’ एवढंच सांगा, सोबत बाथरूमचं चित्र किंवा पॉटीचा फोटो हातात द्या. न बोलणाऱ्या मुलाला हाताची एक ठरावीक खूण शिकवा आणि प्रत्येक वेळी नेताना तुम्ही स्वतः ती करा. पुढे तीच खूण मूल स्वतःहून करू लागतं. आजीचा एक शब्द, बाबांचा दुसरा आणि शाळेत तिसरा असं असेल तर मूल महिनाभर मागे पडतं. शब्द, चित्र आणि खूण सगळीकडे एकच ठेवा.

भिंतीवर मुलाच्या नजरेच्या उंचीला पाच-सहा चित्रांची पट्टी लावा: चड्डी खाली, बसणं, पुसणं, चड्डी वर, पाणी, हात. मूल एकेका चित्राला बोट लावत पुढे सरकेल.

बक्षीस छोटं आणि लगेच द्या. शू पॉटीत पडल्यापासून दोन-तीन सेकंदांत, मूल बसलेलं असतानाच. ‘शाबास’ म्हणण्याऐवजी ‘शू पॉटीत झाली!’ म्हणा, म्हणजे कशाबद्दल कौतुक झालं ते कळतं. जी आवडती वस्तू फक्त याच वेळी मिळते तीच कामाची असते. ते खेळणं दिवसभर हाताशी असेल तर त्याचं मोल उरत नाही. आठवड्याच्या शेवटी मिळणाऱ्या मोठ्या खेळण्याचा लहान मुलाला, विशेषतः काळाची कल्पना नसलेल्या मुलाला, काही उपयोग नाही. सुरुवातीला नुसतं बसल्याबद्दलही बक्षीस द्या. बसणं सोपं झालं की ते फक्त शू-शी झाल्यावर.

चड्डीत झालीच तर चेहरा आणि आवाज साधा ठेवा. ‘चड्डी ओली झाली. शू पॉटीत.’ एवढंच बोलून बाथरूममध्ये न्या, क्षणभर बसवा, कपडे बदलायला मुलाची मदत घ्या. रागावल्यानं मूल लपून करायला शिकतं, आणि शीच्या बाबतीत तर धरून ठेवायला शिकतं. उलट काही मुलांना मोठ्यांची धावपळ पाहायला आवडते. त्यांच्यासाठी गडबड न करणं हाच उपाय आहे.

अडून बसलेली मुलं

ऑटिझम असलेल्या मुलाला फ्लशचा आवाज, थंडगार सीट, ओल्या फरशीचा स्पर्श, उग्र वास यांपैकी काहीही असह्य होऊ शकतं. कारण एकेक करून वेगळं काढा. फ्लश मूल बाहेर गेल्यावर करा, मग दारात उभं असताना, मग त्याच्या हातानं. सीटवर कापडी कव्हर घाला. पाण्याचा शिंतोडा उडून अंगाला लागत असेल तर कमोडमध्ये आधी कागदाचा तुकडा टाका.

शू पॉटीत करतात पण शीसाठी डायपर मागतात, अशी मुलं पुष्कळ असतात. डायपर एकाएकी बंद केला तर ती शी धरून ठेवतात आणि वर सांगितलेलं चक्र सुरू होतं. त्यांच्यासाठी पायऱ्या पाडाव्या लागतात. डायपर मिळेल, पण शी बाथरूममध्ये उभं राहूनच करायची. ते जमलं की डायपर घालूनच पॉटीवर बसायचं. मग डायपरला खाली भोक पाडायचं आणि ते दर दोन-तीन दिवसांनी मोठं करायचं. मग डायपर सैल, मग नुसता मांडीवर, मग नाहीच. एका पायरीवर मूल चार-पाच वेळा निवांत राहिलं की पुढची पायरी. अडलं तर एक पायरी मागे या. या सगळ्या काळात शी मऊ राहिलीच पाहिजे. एकदा दुखलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

कपडे आणि पुसणं

कंबरेला इलॅस्टिक असलेले सैल कपडे घाला. नाडी, बटण, चेन, डंगरी हे सगळं वर्षभर कपाटात. चड्डी वर घेणं शेवटाकडून शिकवा: तुम्ही कमरेपर्यंत आणा, शेवटचा झटका मुलाचा. ते जमलं की मांडीपासून, मग गुडघ्यापासून. असं शिकवल्यानं प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचा आनंद मुलाला मिळतो. पुसणं किंवा धुणं हे सगळ्यात शेवटी येतं, कारण त्याला कमरेत वळणं, हात मागे नेणं आणि न पाहता अंदाज घेणं हे तिन्ही लागतं. मुलींना पुढून मागे पुसायला शिकवा, नाहीतर शीचे जंतू मूत्रमार्गात जातात.

दोन-तीन आठवड्यांत एकदाही पॉटीत शू झाली नाही किंवा मूल बाथरूम पाहून रडू लागलं, तर थांबा. डायपर परत घाला, पण बाथरूममधलं बदलणं आणि जेवणानंतरचं बसणं चालू ठेवा. सहा आठवड्यांनी नव्यानं नोंद घेऊन पुन्हा सुरू करा. पुष्कळदा त्या नोंदीतच चुकलेली वेळ किंवा लपलेली बद्धकोष्ठता सापडते.

रात्रीचा डायपर या सगळ्यात आणू नका. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीर एक संप्रेरक सोडतं आणि त्याचं वेळापत्रक शिकवून बदलत नाही. पाचव्या वर्षीही साधारण १५ टक्के मुलांचं अंथरूण ओलं होतं, त्यात विकास नेहमीसारखा असलेली मुलंही असतात. सकाळचा डायपर सलग आठवडाभर कोरडा किंवा जेमतेम ओला दिसू लागला की रात्रीचं करून पाहा. गादीवर जलरोधक कापड, झोपायच्या आधी एकदा शू, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा एवढी तयारी पुरते. मुलाला झोपेतच उचलून नेलं तर त्या रात्रीची चादर वाचते, पण अर्धवट झोपेत शू करणारं मूल जाग येऊन उठायला त्यातून शिकत नाही.